बोहनीचा नंबर

माझ्या फोनवर अनोळखी नंबर आला तर मी उचलत नाही. माझी सून यावरून मला चिडवते. वीसेक वर्षं लोकांना अनोळखी नंबरवरून फोन लावून जिने घर चालवलं, ती बाई स्वतः फोन उचलत नाही, म्हणजे कमालच आहे म्हणते. मी तिला म्हणते, हलवायाला घरी कधी पेढे खाताना पाहिलंस का? पलीकडे कोण आहे, तो पहिलं वाक्य काय बोलणार, दुसरं काय बोलणार, सगळं मला पाठ आहे. त्यातली निम्मी वाक्यं मीच पोरींना शिकवलीत.

तर दुपारी तुमचा डोळा लागला की 'सर, दोन मिनिटं बोलू शकते का' म्हणणारी ती बाई मी. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे सांगते.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाली प्लास्टिकचे डबे बनवायचा कारखाना, त्यामुळे वर कायम जळक्या प्लास्टिकचा वास. कधी विमा, कधी क्रेडिट कार्ड, कधी सहलीच्या क्लबची मेंबरशिप, मालकाला जे कंत्राट मिळेल ते आम्ही विकायचो. नंबरांच्या यादीला आम्ही 'डेटा' म्हणतो. लोक हमखास विचारतात, माझा नंबर तुम्हाला दिला कोणी? अहो, तुम्हीच दिलात. मॉलमध्ये गाडी जिंकायची म्हणून चिठ्ठी भरून पेटीत टाकलीत ना, ती पेटी फिरत फिरत आमच्याकडे आली. मोठ्या कंपन्यांत मशीन नंबर लावतं. आमच्याकडे पोरी हातानं लावायच्या आणि पुढे शेरा मारायच्या. 'नको', 'नंतर', 'शिवी'. हो, 'शिवी' हा शेराच होता.

आमच्यात प्रत्येकीला एक फोनवरचं नाव असतं. माझं खरं नाव शालिनी, पण फोनवर मी नेहा. ग्राहकाला उच्चारायला सोपं जावं म्हणून ही पद्धत पडली असं मालक सांगायचा. मी मात्र नव्या पोरीला वेगळं सांगायची. म्हणायची, शिवी नेहाला पडते गं, तुला नाही. नेहाला इथे टेबलावर ठेवायचं आणि संध्याकाळी घरी जायचं. पहिल्या आठवड्यात प्रत्येक पोरगी बाथरूममध्ये जाऊन रडते. ज्या रडत नाहीत त्यांचीच मला जास्त काळजी वाटायची.

माणसं एकेक नमुने भेटली. अंधेरीच्या एक बाई 'हां हां, सांगा' म्हणून फोन कुकरपाशी ठेवून निघून जायच्या आणि आमची पोरगी शिट्ट्यांना विम्याचे फायदे सांगत बसायची. घाटकोपरच्या एका शेठनी तर मलाच पाच-सहा साड्या गळ्यात मारल्या, आणि त्या चांगल्या निघाल्या. चिडणाऱ्यांचं आम्हाला काही वाटत नाही. त्यांना कामं असतात, चिडणारच.

एक शेरा मात्र माझा होता. समोरच्यानं सांगितलं की घरात कोणी गेलंय, तर पुढे 'सुतक' लिहायचं. मग तेरा दिवस त्या घरी कोणी फोन लावायचा नाही. मालकाला हे पसंत नव्हतं. मी म्हटलं, शेठ, तुमच्या घरात असं झालं असतं तर? मग नियम राहिला. नोकरीत मी एवढा एकच नियम केला.

आता बोहनीचं सांगते. कोळीण पहिल्या गिऱ्हाइकाला परत पाठवत नाही, कारण पहिला व्यवहार बिघडला तर दिवस बिघडतो. आमच्याकडेही तसंच. सकाळचा पहिला फोन कोणी तोडला किंवा शिवी घातली तर दिवसभर पोरींच्या घशाला कोरड. म्हणून प्रत्येक जणी पहिला फोन अशा नंबरावर लावायची जो नक्की उचलला जाईल आणि जिथे माणूस नीट बोलेल. विकायचं काही नाही, फक्त तोंड गोड करून घ्यायचं. याला बोहनीचा नंबर म्हणायचे, आणि आमच्या ऑफिसचा बोहनीचा नंबर होता मुलुंडच्या तावड्यांचा.

हा माणूस रिंग धड वाजायच्या आत फोन उचलायचा. "बोला, तावडे बोलतंय." पोरीनं चार वाक्यं म्हटली की मऊ आवाजात सांगायचा, "नको गो बाय, माका नको. देव तुझा बरा करो." बस. आमचं मूळ गाव कणकवलीकडचं, माझे वडील गिरणीत होते आणि घरात हीच मालवणी. त्यामुळे तो आवाज कानावर पडला की मलाही बरं वाटायचं. पोरी म्हणायच्या, मॅडम, तावडेकाकांचा आशीर्वाद मिळाला, आज सेल होणार. आणि व्हायचाही. आमच्या धंद्यात पोरी टिकत नाहीत, वर्षभरात मालाडला जातात, अंधेरीला जातात, ठाण्याला जातात. जाताना डबा, पाण्याची बाटली आणि बोहनीचा नंबर घेऊन जातात. मुंबईभर सकाळी किती जणी तावडेकाकांना फोन लावत असतील, हे तेव्हा आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही. सगळ्यांना एवढंच वाटायचं की काय देवमाणूस आहे.

एके दिवशी प्रणाली नावाच्या नव्या पोरीचा पहिला फोन होता. मी तिच्या शेजारी दुसरा हेडफोन लावून ऐकत बसले होते. तिला मीच म्हटलं, घाबरू नको, तावडेकाकांना लाव. काकांनी नेहमीसारखा लगेच उचलला, पण नेहमीचा आवाज नव्हता.

"ठेव गो. ठेव फोन. माझो फोन गेलो."

प्रणाली गांगरली. गांगरलेली पोरगी पाठ केलेलं पुढे म्हणत राहते, तशी ती म्हणाली, "सर, फक्त दोन मिनिटं, आपल्या कुटुंबाच्या सुरक्षेसाठी..." आणि पलीकडे तो म्हातारा माणूस रडायला लागला.

मी हेडफोन ओढून घेतला. म्हटलं, काका, मी नेहा. मग स्वतःचीच लाज वाटली. म्हटलं, काका, मी शालिनी बोलतेय. काय झालं?

त्यांनी सांगितलं ते तुटक होतं, पण कळलं. त्यांच्या मुलीच्या, वर्षाच्या, दोन्ही किडन्या गेलेल्या. वय तिशीच्या आत. डायलिसिस चालू. वडिलांची किडनी जुळली नाही, आईला साखर. हॉस्पिटलच्या यादीत नाव लावलेलं. कोणी दगावलं आणि त्याच्या घरच्यांनी किडनी दिली, तर यादीतल्या माणसाला फोन येतो. तो कोणत्या नंबरावरून येईल सांगता येत नाही. वेळ फार नसतो, उचलला नाही तर पुढच्या माणसाला जातो. म्हणून ते प्रत्येक फोन पहिल्या रिंगला उचलत होते. आणि आमच्यावर कधी चिडत नव्हते ते याच भीतीनं, की न जाणो, हॉस्पिटलातलीच मुलगी असली आणि तिलाच वेडंवाकडं बोललं गेलं तर.

त्या सकाळी कुठल्याशा ऑफिसातल्या पोरीशी बोलताना त्यांच्या कानात टुकटुक वाजलं होतं. दुसरा फोन येत होता. तो घ्यायचा कसा ते त्यांना येत नव्हतं. ठेवून बघितलं तर हॉस्पिटलचा नंबर. परत लावला तर रेकॉर्ड लागलेली, एक दाबा, दोन दाबा.

"तो चेडवाचो फोन होतो काय गो?" त्यांनी मला विचारलं. चेडू म्हणजे मुलगी. "तो गेलो काय?"

मी म्हटलं, तुम्ही फोन मोकळा ठेवा, मी बघते. मग उभं राहून सगळ्या पोरींना काम थांबवायला सांगितलं. रेकॉर्डच्या पलीकडच्या जिवंत माणसापर्यंत पोचायचं, हे आम्हाला येतं, दुसरं काही येवो न येवो. सगळ्या टेबलांवरून त्या एकाच हॉस्पिटलला फोन लागत होते. कोणी चौकशीत अडकली, कोणी औषधांच्या काउंटरला, प्रणाली रडत रडत थेट त्या विभागाच्या बाईंपर्यंत पोचली. बाई म्हणाल्या, फोन आम्हीच केला होता, महिन्याचा रक्ताचा नमुना द्यायचा राहिलाय म्हणून.

मी काकांना फोन लावला. अर्थातच लगेच उचलला. म्हटलं, तो फोन नव्हता काका, रक्ताच्या तपासणीसाठी होता.

"बरा झाला," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "म्हणजे अजून इलोच नाय."

रविवारी मी मुलुंडला त्यांच्या घरी गेले. जायची काही गरज नव्हती, पण घरात बसवेना. काकांच्या गळ्यात नाडीला बांधलेली कापडी पिशवी होती आणि तिच्यात जुना बटणांचा फोन. आंघोळीला जाताना तेवढा तो बायकोच्या गळ्यात जायचा. वर्षा पलंगावर टेकून बसली होती. चेहरा सुजलेला, पण जिभेला धार. मला म्हणाली, "तुम्हीच का त्या सकाळच्या? बाबा तुम्हाला सगळ्यांना 'माझी चेडवां' म्हणतात. मला इतक्या बहिणी आहेत हे आईलापण माहीत नव्हतं." तिची आई हसली नाही, चहा ठेवायला उठली.

मी काकांना म्हटलं, नंबर बदलूया का? ते घाबरले. हॉस्पिटलात हाच नंबर दिलेला, बदलताना कुठे चुकला तर? विकणाऱ्यांचे फोन ब्लॉक करूया म्हटलं तर आणखी घाबरले. मग मी म्हटलं, देव करो आणि तो फोन लवकर येवो. यावर काकांनी मान हलवली.

"तसा मागूक येना नाय गो," ते म्हणाले. "माझो फोन वाजतलो तेव्हा खंयच्या तरी घरात रडारड असतली. मग देवाकडे मागू तरी काय?"

वर्षा भिंतीकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या डेटातून मी तो नंबर काढून टाकला. ते सोपं होतं. मग जुन्या पोरींना एकेक करून फोन लावायला लागले, मालाडला, बोरिवलीला, घाटकोपरला. "अय्या मॅडम, तो तर आमच्या इथेपण सगळ्यांचा बोहनीचा नंबर आहे," हे मी इतक्या वेळा ऐकलं की मोजायचं सोडून दिलं. सगळ्यांना मी खरं ते सांगितलं. मुलगी आजारी आहे, किडनीच्या फोनची वाट बघतायत, लाइन मोकळी राहू द्या. पोरी हळहळल्या. कोणी रडल्यादेखील. मी निश्चिंत झाले.

आठवड्याभरात काकांचा फोन पहिल्यापेक्षा दुप्पट वाजायला लागला. वाट लागली ती माझ्या खरं बोलण्यानं. ज्या आधी फक्त सकाळी फोन करायच्या त्या आता दुपारीपण करत होत्या. "काका, मिळाली का किडनी?" "काका, मी सिद्धिविनायकाला बोललेय." "काका, माझ्या मावशीच्या ओळखीचे एक वैद्य आहेत." शिव्या खाऊन जगणाऱ्या पोरींशी एक माणूस चांगला बोलला होता, त्याच्या घरात दुखणं आलं, तर त्यांना राहवेल कसं? त्यांना समजावणं मला जमेना. 'फोन करू नका' हेसुद्धा त्या काकांना फोन करूनच सांगत होत्या, की काका, आम्ही आता फोन करणार नाही हं.

मग मी डोक्याला हात लावून बसले आणि एक वाईट काम करायचं ठरवलं. ज्या श्रद्धेनं तो नंबर पसरला होता तिलाच उलटं करायचं. अंधेरीच्या एका पोरीला, जिच्या पोटात काही राहत नाही, मी सहज म्हटलं, "तो मुलुंडचा नंबर सोडलास ना गं? आमच्याकडे ज्या ज्या पोरीनं लावला तिचा महिना कोरडा गेला. पनवती आहे." ती म्हणाली, खरंच? मी म्हटलं, बघ बाई, मी आपलं सांगितलं.

खरं महिनाभर सांगून जमलं नव्हतं, खोटं दोन-तीन दिवसांत ठाण्यापर्यंत पोचलं. कोणीतरी भर घातली की एकीची नोकरी गेली, कोणीतरी आणखी काही. पुढच्या आठवड्यात आमच्याच ऑफिसात नवी आलेली पोरगी मला सांगत होती, मॅडम, मुलुंडचा एक नंबर आहे, चुकूनपण लावायचा नाही. मी मान डोलावली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. इतक्या पोरींना दिवसाची सुरुवात गोड करून देणारा माणूस, त्याला मी पनवती ठरवलं होतं. काम झालं, पण माझ्या जिवाला लागलं ते लागलंच.

फोन शांत झाला आणि आता काकांना वेगळंच भय सुरू झालं. एका सकाळी त्यांचाच मला फोन.

"शालन, माझो फोन लागता मा गो? बंद पडलो नाय मा?"

म्हटलं, काका, आत्ता तुम्ही त्याच फोनवरून बोलताय.

"तो जाता गो. येता काय नाय ता कसा कळतला? पूर्वी सकाळी तुम्ही चेडवां फोन करायचात, तेव्हा समजायचा की चालू हा." मग जरा चाचरत म्हणाले, "तू रोज सकाळी एक रिंग दी. एकच. मी उचलूचंय नाय."

म्हणजे शेवटी बोहनी माझ्याकडेच आली. ऑफिसात पोचले की हेडफोन लावायच्या आधी मी माझ्या मोबाइलवरून मुलुंडला एक रिंग द्यायची आणि कापायची. ते उचलायचे नाहीत. पहिल्या रिंगला फोन न उचलणं त्यांना किती जड जात असेल, ते मला इथून कळायचं. पाऊस गेला, गणपती झाले, दसऱ्याला आम्ही हेडफोनला झेंडूची फुलं वाहिली, रिंग चालू होती. कधीमधी वर्षाचा मेसेज यायचा. 'आज पनवतीला ताप आहे.' पनवती म्हणजे तिचे बाबा. तिला मी सगळं सांगितलं होतं. तिनंच काकांना सांगितलं नाही.

आणि मग एक सकाळ अशी आली की मी रिंग द्यायला गेले आणि नंबर एंगेज होता.

आमच्या धंद्यात एंगेज म्हणजे माणूस जागा आहे, हातात फोन आहे, पाच मिनिटांनी परत लाव. हे मी शेकडो पोरींना शिकवलं असेल. माझं बोट आपोआप बटणावर गेलं. ते मी मागे घेतलं आणि मोबाइल पर्समध्ये टाकून पर्स कपाटात ठेवली. त्या दिवशी मी किती चुका केल्या विचारू नका. दुपारी वाटलं, एकदाच बघावं. मग वाटलं, नेमकं त्याच वेळी त्यांना कोणी सांगत असेल, कुठल्या गेटनं या, कोणता मजला. संध्याकाळी लावला नाही, दुसऱ्या दिवशी लावला नाही. वर्षाला मेसेजसुद्धा केला नाही. आयुष्यभर लोकांना नको तेव्हा फोन केले, हे काही दिवस तरी तोंड बंद ठेवू दे म्हटलं. देवापुढे उभी राहिले की काकांचं बोलणं आठवायचं आणि हात नुसतेच जोडलेले राहायचे.

अशीच एका सुट्टीच्या दुपारी घरी मेथी निवडत बसले होते. मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. सून म्हणाली, राहू दे आई, असेल कोणीतरी विकणारं. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी उचलला होता.

"शालिनीताई?" आवाज बारीक होता, पण ओळखला. "मी वर्षा. आईच्या फोनवरून बोलतेय. माझं ऑपरेशन झालं. किडनीनं काम सुरू केलं म्हणाले डॉक्टर."

मी विचारलं, "काका कुठायत?"

"बाहेर बाकावर झोपलेत. फोन बंद करून." ती थांबून थांबून बोलत होती. "आई म्हणते, सकाळी स्वतःच्या हातानं बंद केला, गळ्यातून काढून तिच्याकडे दिला आणि आडवे झाले ते अजून उठले नाहीत. उठवू का त्यांना? तुमच्याशी बोलायला आवडेल."

"नको गं," मी म्हटलं. "झोपू दे त्यांना."

ती हं म्हणाली. मग तिनंच सांगितलं, किडनी कोणाची ते हॉस्पिटल सांगत नाही, फक्त माणूस तरुण होता एवढं नर्सच्या बोलण्यातून कळलं. एवढं सांगून तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले. सवयीनं सकाळी मोबाइल हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. पोरी आपापल्या बोहनीच्या नंबरांना फोन लावत होत्या. मी त्यांच्याकडे बघत होते आणि माझ्या मनात ते घर होतं, जिथून तरुण माणूस गेला. त्या घरातलाही फोन वाजत असणार. आमच्यासारखीच कोणीतरी पोरगी म्हणत असणार, सर, दोन मिनिटं बोलू शकते का. त्या घरापुढे मला 'सुतक' लिहायचं होतं. पण त्यांचा नंबर मला माहीत नव्हता.